नव्वद नंबरची दोन पिंपं

मिस्त्रींनी तेलात बुडवलेलं बोट पुढे केलं आणि हिरव्या गाडीवालीनं मान वाकवून ते हुंगलं.

गॅरेज आणि दुकान यांच्या मधल्या भिंतीत एक मोठी काच होती. काचेच्या अलीकडे, गल्ल्याशेजारच्या उंच स्टुलावर मिस्त्रीण बसली होती. तिच्या हातात फॅनबेल्ट होता आणि तो मागणारं गिऱ्हाईक समोर उभं होतं, पण तिला दोघांचाही विसर पडला. ते बोट तिचं होतं. म्हणजे बोट मिस्त्रींचंच, उजव्या हाताचं, नख कायमचं काळं पडलेलं; पण लग्न झाल्यापासून ते तेलात बुडालं की तिच्याच नाकाशी येत आलं होतं. दुसऱ्या कुणापुढे ते गेलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"पट्टा देताय ना, वहिनी?" गिऱ्हाइकानं विचारलं.

तिनं पट्टा कागदात गुंडाळून दिला आणि पुन्हा काचेकडे नजर टाकली. पलीकडे गाडीवाली काहीतरी म्हणाली आणि मिस्त्री हसले. गाडी सुरू झाली नाही म्हणून न हसणारा आणि सुरू झाली तरी न हसणारा हा माणूस. हसून झाल्यावर त्यांनी खांद्यावरचं फडकं घेऊन हात पुसले. बायकोशी बोलताना त्यांना हात पुसायची आठवण कधी झाली नव्हती. तिच्या जिवाचा नुसता जळफळाट झाला.

मिस्त्रींना वास येत नसे. कोवळ्या वयात, काम शिकत असताना, एका जुन्या गाडीचं इंजिन हँडल मारून सुरू करायला गेले आणि हँडल उलटं फिरून थेट तोंडावर बसलं. नाक जागेवर आलं, दिसायलाही बरं राहिलं, पण त्यानंतर ते फक्त श्वास घेण्यापुरतं उरलं. एरवी हे कुणाला कळलंही नसतं. त्यांनी काम मात्र असं धरलं की नाकावाचून अडावं. ते फक्त जुन्या गाड्या बघायचे. नव्या गाडीचं काही नसतं, पुस्तकात लिहिलेलं तेल आणायचं आणि ओतायचं. जुन्या गाडीचं पुस्तक हरवलेलं असतं, मालक बदललेले असतात, आणि कुणी तिच्या पोटात काय ओतून ठेवलंय ते देव जाणे.

इंजिनचं एक वेळ डोळ्यांनी भागतं. जुन्या इंजिनाला जुनंच, साधं, जाड तेल लागतं. नवी तेलं धुणारी असतात. तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ ती सोडवतात आणि तो गाळ नेमका तेलाच्या वाटा बुजवतो. गाळ किती आहे ते बोटाला कळतं, दिसतंही. खरी फसगत होते ती गिअरबॉक्स आणि क्राऊन यांच्यात. मागच्या चाकांना ओढणाऱ्या दातेरी चक्राला गॅरेजात क्राऊन म्हणतात. दोघांनाही नव्वद नंबरचंच तेल, रंग तोच, जाडी तीच. पण क्राऊनच्या तेलात एक औषध घातलेलं असतं. क्राऊनच्या पोलादी दातांना ते जपतं, आणि गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा मात्र हळूहळू खाऊन टाकतं. हे औषध ओळखायचं ते वासावरून. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसला उग्र, नाकात चढणारा वास.

म्हणून मिस्त्री गाडीखाली जायचे, बूच काढायचे, पहिल्या धारेत बोट बुडवून काचेशी यायचे. काचेत हात जाईल एवढी एक सरकती खिडकी होती. मिस्त्रीण गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच मान वाकवायची.

"क्राऊनचं घातलंय मेल्यांनी," ती म्हणायची. नाहीतर म्हणायची, "बरोबर आहे, गिअरबॉक्सचंच."

एवढ्यावर पुढचं काम ठरायचं. गाडी उघडायची मिस्त्रींनी आणि तेल ठरवायचं मिस्त्रिणीनं, हे त्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीवाल्याला ठाऊक होतं. मागच्या खोलीत नव्वद नंबरची दोन पिंपं होती, डावीकडे क्राऊनचं, उजवीकडे गिअरबॉक्सचं, दोन्ही फक्त गॅरेजच्या कामासाठी. अगदी सुरुवातीला मिस्त्रींनी त्यांच्यावर रंगानं अक्षरं काढली होती. तिनं ती पुसायला लावली. "माझं नाक काय शोभेला आहे?" असं तेव्हा ती म्हणाली होती.

गेल्या थंडीत तिला ताप आला. ताप उतरला आणि सकाळी तोंड धुताना साबणाला वास नव्हता. साबण बदलला. कांदा चिरला, डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. मिस्त्रींचा धुवायचा शर्ट तिनं तोंडाशी धरला. त्या शर्टाला तेलाचा जो वास यायचा, त्यावरून तिनं उभ्या आयुष्यात नवऱ्याला किती बोल लावले असतील याचा हिशेब नव्हता. आता शर्ट दुकानातून आणल्यासारखा कोरा होता. न्हाणीघराचं दार लावून ती तो शर्ट हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली.

सर्दी गेली की येईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग सर्दी गेली. तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. दोघांत मिळून एकच नाक होतं, तेही गेलं म्हणून कसं सांगायचं? आणि ते गेल्यावर ती कोण? फॅनबेल्ट आणि बल्ब विकणारी बाई कुठल्याही दुकानात मिळते.

तिनं निभावून न्यायला सुरुवात केली. बोट नाकाशी आलं की ती आधी विचारायची, "कुणाकडे होती ही गाडी?" मालक कंजूष असेल तर एक उत्तर, हौशी असेल तर दुसरं. मागे जाऊन तेल काढायचं तर डावं-उजवं पाठ होतं. नवीन तेल आलं की झाकणाशी वाकून, डोळे किंचित मिटून, ती मान हलवायची. मिस्त्री काही बोलायचे नाहीत. पण ते कधीच काही बोलायचे नाहीत, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं. फक्त मधे एकदा, दूध उतू जाऊन पातेलं पार करपलं आणि ती शेजारीच बसून शर्टाला बटण लावत होती, तेव्हा ते बाहेरून आले, धूर पाहिला, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि पातेलं घासायला घेतलं. तिचं लक्ष बटणात होतं असं ती म्हणाली. ते हं म्हणाले.

तापाच्या पाठोपाठच हिरवी गाडी आली.

गाडी छोटी होती, गोल दिव्यांची, आणि तिची मालकीण ती स्वतः चालवायची. वडिलांची गाडी, वडील गेल्यावर हिच्याकडे आली. बाई कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायची, बोटांना रंग लागलेला असायचा. तिचे केस पांढरे होऊ लागले होते आणि तिनं ते तसेच ठेवले होते. वयानं ती मिस्त्रिणीहून दोन-चार वर्षांनी लहान असेल, जास्त नाही. तरी पहिल्याच दिवशी काउंटरवर येऊन ती म्हणाली, "काकू, मिस्त्री आहेत का?"

काकू. मिस्त्रिणीनं ते गिळलं. पण अख्खं जग मिस्त्रींना काका म्हणत होतं, दादा म्हणत होतं. ही एकटीच नुसतं "मिस्त्री" म्हणायची, आणि तेही असं, की जणू ते त्यांचं घरातलं नाव आहे. काकूचा नवरा काका का नाही, हे कोडं मिस्त्रीण रोज भांडी घासताना सोडवायची.

एकदा ती महागाचं, पातळ, नव्या तऱ्हेचं तेल घेऊन आली. "दुकानदार म्हणाला, सगळ्यात भारी हेच."

"भारी असेल," मिस्त्रीण म्हणाली. "पण तुमच्या इंजिनाची सीलं जुनी आहेत. सकाळी गाडीखाली थारोळं दिसेल. साधं चाळीस नंबर घाला आणि लवकर लवकर बदला."

"बरं झालं विचारलं. काकू, तुम्हाला किती माहिती आहे."

हे ती मनापासून म्हणाली, आणि मिस्त्रिणीला नेमका त्याचाच राग आला. उद्धट असती तर सोपं होतं. मग ब्रेक झाले, मग पाण्याचा पंप झाला, आणि आता गिअरबॉक्स. एका गाडीला इतके आजार होतात, यावर मिस्त्रिणीचा विश्वास नव्हता. शेजारचा वेल्डर एकदा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "वहिनी, हिरवी गाडी आली बरं का. मिस्त्रींना सांगू, का त्यांना कळलं असेल?" तो सगळ्यांचीच अशी थट्टा करायचा. तरी त्याच्याकडून वेल्डिंग करून आणायचा स्टँड तिनं महिनाभर तसाच मोडका ठेवला.

आणि आज हे. बोट.

काचेतली खिडकी सरकली. मिस्त्री उभे होते, हातात रिकामं माप. हात पुसलेले होते, पण तेलाचा डाग मनगटावर तसाच होता.

"गिअरबॉक्सचं दे," ते म्हणाले. "माप भरून."

"जुनं कसलं निघालं?"

"बरोबरचंच होतं. पितळेचा चुरा नाही. रिंगा ठणठणीत आहेत."

"कशावरून?"

मिस्त्रींनी मापाकडे पाहिलं. "बाईंनी वास घेतला. जुनं कपाट उघडल्यासारखा येतो म्हणाल्या."

"कवी आहेत की."

"चित्रं काढतात."

"मी इथे बसले होते."

"तू गिऱ्हाइकात होतीस."

इतक्या वर्षांत गिऱ्हाईक कधी आड आलं नव्हतं. भर गर्दीत, हातात स्पार्कप्लग, कानाला फोन, आणि नाकाशी बोट, अशी ती उभी राहिलेली होती. हे दोघांनाही माहीत होतं. मिस्त्री आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली. त्यांनी माप आत सरकवलं.

"त्या रिंगा आता कुठे मिळायच्या नाहीत," जाता जाता ते म्हणाले. "जपायला हवं."

जपायला हवं. ती माप घेऊन मागच्या खोलीत गेली.

खोलीला एकच झरोका होता. त्यातून येणारा उजेड दोन पिंपांच्या मधोमध पडला होता. ती उजव्या पिंपाशी गेली, सवयीनं, आणि तोटीला हात लावून थांबली. डाव्या पिंपाचं तेल हल्ली संपतच नव्हतं. मागवावंच लागलं नव्हतं इतक्यात. क्राऊनची कामं कमी झाली असतील, असं ती मनाशी धरून चालली होती. आज तिला वाटलं, कशी होतील कामं, यांचा सगळा दिवस एकाच गाडीखाली जातो. पिंपं भरायचं कामही मिस्त्रींनी आपल्याकडे घेतलं होतं. तुझी पाठ दुखते म्हणाले होते. पाठीची एवढी काळजी आणि नाकाची गरज संपली.

ती डाव्या पिंपाशी गेली. तोटी सोडली.

तेल नेहमीसारखं, आळसावल्यासारखं मापात उतरलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. कुणाला कळणार होतं? मिस्त्रींना वास येत नाही. गाडीवाली काही प्रत्येक माप हुंगत बसणार नाही. आज काही होणार नाही, उद्याही नाही. मग केव्हातरी दुसरा गिअर टाकताना करकर होईल, मग तिसरा. मग बाई म्हणेल, मिस्त्रींच्या हाताला आता पहिल्यासारखी सफाई नाही. जाईल दुसरीकडे.

तिनं खिडकीतून माप पुढे केलं आणि मिस्त्रींनी ते घेतलं. नेहमीसारखं, न बघता.

ती स्टुलावर येऊन बसली. आता बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. काचेतून गाडीवाली दिसत होती. ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती, घोड्याला थोपटावं तसा. तिच्या वडिलांनी ही गाडी तिला शिकवली होती, असं ती एकदा सांगत होती. पहिल्यांदा गिअर टाकताना करकर आवाज आला आणि वडील म्हणाले होते, तिला दुखतंय, पुन्हा टाक. मिस्त्रिणीला हे का आठवावं?

मग तिला दुसरी गोष्ट सुचली आणि ती मूर्खासारखी जागच्या जागी थिजली. गिअरबॉक्स बिघडला तर ती बाई येणं बंद थोडीच होणार होती. ती रोज येईल. आणि मिस्त्री तो गिअरबॉक्स खोलतील, पितळेचा चुरा बोटावर घेऊन उन्हात धरतील, आणि आपलं कुठे चुकलं ते शोधत बसतील. दिवसचे दिवस. जेवताना. झोपताना. आपल्या हातून कुणाची गाडी बिघडली, असं या माणसाला उभ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

ती उठली. काउंटरची फळी उचलून बाहेर आली. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला "थांबा" असंही ती म्हणाली नाही.

गाडी खड्ड्यावर उभी होती आणि मिस्त्री खाली खड्ड्यात. गाडीवाली तेवढ्यात हात धुवायला मागच्या नळावर गेली होती. मिस्त्रीण खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली. गाडीखाली मिस्त्रींचा चेहरा दिसत होता, आणि त्यांच्या हातातली नळी. बाजूच्या भोकातून तेलाची बारीक धार परत बाहेर ओघळत होती. म्हणजे गिअरबॉक्स भरला होता.

"थांबा," ती म्हणाली. "बूच लावू नका."

"भरलंय."

"काढा ते. सगळं काढा."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं काहीतरी कारण सांगता येईल, माप चुकलं, घाई झाली. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"क्राऊनचं आहे ते. मी डाव्या पिंपातून काढलं." आणि मग, कारण अर्धं सांगून ते पोटात मावेना, "मुद्दाम काढलं."

भोकातून ओघळणारी धार हळूहळू थेंबांवर आली. मिस्त्रींनी बूच घेतलं, त्याचा वॉशर पुसला, आणि ते भोकाला लावून पान्यानं आवळलं.

"ऐकलंत का मी काय म्हटलं?"

"ऐकलं."

"मग?"

"डाव्यातही तेच आहे," ते म्हणाले. "दोन्हीत गिअरबॉक्सचंच आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तरी तिनं विचारलं, "आणि क्राऊनचं?"

"माझ्या बाकाखाली. बंद डब्यात."

"मी देते ते? तुम्ही मागता क्राऊनला म्हणून, ते?"

"ते दुकान बंद करताना परत पिंपात ओततो."

ते हे सगळं पान्याकडे बघत सांगत होते. म्हणून ते पिंप संपत नव्हतं. रोज ती क्राऊनचं म्हणून मोठ्या तोऱ्यात माप भरून देत होती आणि रोज तो माणूस ते मागच्या दारानं परत नेऊन ओतत होता. मिस्त्रिणीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आपण मुद्दाम विष कालवलं म्हणून जी लाज वाटायला हवी होती, तिच्या जागी ही दुसरीच लाज येऊन बसली.

"कधीपासून?"

"तेल आणणाऱ्यानं एकदा पिंपं उलटसुलट भरली. तू झाकणाशी वाकलीस आणि बरोबर आहे म्हणालीस." त्यांनी पाना खाली ठेवला. "एका गाडीच्या गिअरबॉक्सात गेलं ते क्राऊनचं. लगेच काढलं मी. धुऊन घेतला. काही झालं नाही. तेव्हापासून जुनं कसलंही निघालं तरी धुऊनच घेतो."

"तुम्हाला वास येत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

मिस्त्रींनी पाना पुन्हा उचलला. आवळलेलंच बूच ते पुन्हा आवळू लागले.

"बाई पहिल्यांदा आल्या होत्या त्या दिवशी," ते शेवटी म्हणाले. "शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, इथे काडेपेटीचा वास का येतोय."

"म्हणजे तिला माहीत आहे."

"पिंपं धुऊन घेतली तेव्हा कुणीतरी हुंगायला हवं होतं. तू लेकीकडे गेली होतीस."

"माझ्या मागच्या खोलीत."

"हो."

"तिला सांगितलंत. माझं नाक गेलं म्हणून."

"सांगावं लागलं."

"आणि मला नाही सांगितलंत."

"तू मला सांगितलं नाहीस," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. "मला वाटलं, तुला सांगायचं नसेल. मग नाही सांगायचं तर नाही. काम अडत नव्हतं."

खड्ड्याच्या कडेचं सिमेंट गुडघ्यांना टोचत होतं. तिला वाटलं होतं, नवऱ्यानं आपलं बोट दुसरीला दिलं. त्यानं दिलं होतं ते त्याहून मोठं होतं. घरात ज्याचा उच्चार करायची दोघांची छाती झाली नाही, ते त्या बाईला ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असूनही ती इतके दिवस काउंटरवर येऊन, डोळ्याला डोळा देऊन म्हणत होती, काकू, तुम्हाला किती माहिती आहे. दया करत होती का? तिला पुन्हा राग यायला लागला, आणि या खेपेला राग कुणावर आहे तेच तिला सांगता येईना.

"मुद्दाम का काढलंस?" मिस्त्रींनी विचारलं.

ती गुडघ्यांची धूळ झटकत उठली. खड्ड्यातून वर येताना त्यांनी आधारासाठी हात वर केला आणि तिनं तो धरला. नेहमी धरायची तसाच, मनगटाशी, जिथे तेल नसतं तिथे. आज तिथे तेल होतं.

गाडीवाली हात झटकत नळावरून परत आली. दोघांना असं उभं पाहून ती जरा थबकली.

"झालं का, मिस्त्री?"

"झालं," ते म्हणाले. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि नेहमीचं वाक्य नेहमीच्या आवाजात म्हटलं. "तेल कुठलं घातलं ते हिला विचारा. तेल हीच ठरवते."

मिस्त्रिणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर खड्ड्यात परत गेला असता. तिनं खाली ठेवलेलं माप उचललं. तळाशी घोटभर तेल उरलं होतं. तिनं त्यात आपलं बोट बुडवलं आणि ते गाडीवालीच्या नाकापुढे धरलं.

गाडीवालीनं आधी मिस्त्रींकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नका बघू. मला सांगा, कसा वास येतोय?"

"चांगला आहे," ती चाचरत म्हणाली. "म्हणजे, बरोबरचाच आहे, काकू. गिअरबॉक्सचा."

"ते मला कळलं. कसा येतोय ते विचारतेय मी."

गाडीवालीनं मान वाकवली. या वेळी तिनं डोळे मिटले, आणि घाई केली नाही. मिस्त्रिणीला तिच्या भुवईत अडकलेला निळा रंग दिसला, इतकी ती जवळ होती.

"जुनं कपाट उघडल्यासारखा," ती म्हणाली. "थोडा मेणासारखा. गरम झालेल्या लोखंडासारखा." ती थांबली, शोधत राहिली, आणि मग तिला नेमकं सापडलं तेव्हा तिचे डोळे उघडले. "मिस्त्रींच्या शर्टाला येतो ना, अगदी तसा."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला आणि ती एक पाऊल मागे सरकली. मिस्त्री फडकं शोधू लागले, जे त्यांच्या खांद्यावरच होतं.

मिस्त्रिणीचं बोट जिथल्या तिथे होतं.

"हो," ती म्हणाली. "तसाच असतो तो."

दुकानातून गिऱ्हाइकानं हाक मारली. ती आले म्हणाली, आणि बोट न पुसताच काउंटरकडे गेली.